बेळगावच्या पिनकोडाची कुळी : मोठी संख्या हाताने कशी फोडावी

आमच्या सीमाभागात नवा माणूस भेटला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "कुठचे तुम्ही?" दुसरा, "कुणाच्यातले?" पहिल्याचं उत्तर पत्त्यावर असतं. दुसऱ्यासाठी घरात बसवून चहा द्यावा लागतो. मोठ्या संख्येचंही तसंच आहे. ती किती मोठी आहे हे बघताक्षणी कळतं, पण ती कुणाच्यातली, म्हणजे कोणत्या मूळ संख्यांच्या (ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कुणाचाच भाग जात नाही अशा) गुणाकारातून आली, हे काढायला वही, पेन्सिल आणि एक अख्खी दुपार लागते.

मी टपालखात्यात सॉर्टिंगला होतो. सहा आकडे बघायचे आणि पत्र त्या त्या खणात टाकायचं, उभी नोकरी यातच गेली. त्यामुळे शिकवायला घेतोय ती संख्याही तिथलीच, ५९०००१. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयाचा हा पिनकोड. पिनकोड सुरू झाले १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. पहिला ५ म्हणजे आंध्र-कर्नाटकाकडचा विभाग, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारं ऑफिस. घाट ओलांडून पलीकडे कोल्हापूरला गेलात की ४१६००१ सुरू. टपालखात्याला या आकड्यांचा एवढाच अर्थ ठाऊक. आपण त्यांच्याकडे नुसती संख्या म्हणून बघायचं. तुम्ही तुमचा फोन नंबर, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, कारखान्याच्या काट्याच्या पावतीचा नंबर, काहीही घ्या. रीत तीच.

सगळ्यात आधी संख्या नीट उतरवून घ्या. हसू नका. आमच्याकडे पत्ते मराठीत येत, कन्नडात येत, इंग्रजीत येत. कन्नडातला एक म्हणजे आपल्या शून्याला तळाशी फट पाडल्यासारखा. शाई पसरली की ५९०००१ चा शेवटचा एक शून्यच वाटायचा. दुसरी हमखास चूक म्हणजे आकड्यांची अदलाबदल, ५९०००१ च्या जागी ५९००१०. या चुकीची खूण सांगतो, हिशेब लिहिणाऱ्यांनाही उपयोगी पडेल : आकडे तेच राहिले आणि फक्त जागा बदलल्या, तर दोन संख्यांमधल्या फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. इथे फरक नेमका ९ आहे. दिवसाच्या जमाखर्चात ६३ किंवा २७० रुपयांची तफावत आली की आधी आकडे उलटे पडलेत का तेच बघायचं, बाकीच्या चुका नंतर.

आता फोडायला घेऊ. २ आणि ५ शेवटच्या आकड्यावरूनच बाद. ३ साठी अंकांची बेरीज : ५ + ९ + ० + ० + ० + १ = १५. पंधराला तीनने भाग जातो, नऊने जात नाही. म्हणजे संख्येत ३ एकदाच आहे. हे कळल्याबरोबर भागून टाका :

५९०००१ = ३ × १९६६६७

आणि जुनी संख्या विसरा. इथेच बरेच जण चुकतात. मोठीच संख्या समोर ठेवून ७, ११, १३ करत बसतात. अवयव सापडला की ओझं उतरवायचं. किती उतरलं ते बघा. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर त्यातला एक तरी तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असणारच, कारण दोन्ही मोठे असले तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणून शोध वर्गमुळापाशी थांबतो. ७६८ चा वर्ग ५८९८२४, तेव्हा ५९०००१ साठी ७६८ पर्यंत जावं लागलं असतं. तिथवर मूळ संख्या १३५ आहेत. तीनने भागल्यावर मात्र १९६६६७ उरली. ४४३ चा वर्ग १९६२४९ आणि ४४४ चा १९७१३६, म्हणजे आता ४४३ पर्यंतच जायचं. तिथवर मूळ संख्या ८६. एका भागाकारात ४९ भागाकार वाचले.

७, ११ आणि १३ यांना वेगवेगळं भागत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट करायचे (आपला लाख-कोटीचा स्वल्पविराम इथे चालत नाही) आणि एक गट अधिक, पुढचा उणे असं करत जायचं. ६६७ − १९६ = ४७१. आता या इवल्या ४७१ ला तिघांनी भागून बघा. ७ ने बाकी २, ११ ने बाकी ९, १३ ने बाकी ३. तिघेही गेले. गंमत म्हणजे १९६६६७ ला भागलं तरी याच बाक्या येतात, म्हणून ही युक्ती नुसतं होय-नाही सांगून थांबत नाही. दहा-बारा आकडी संख्येला हिचा खरा फायदा. मोठा फोन नंबर बघता बघता तीन आकड्यांवर येतो.

पुढे १७, १९, २३, २९... प्रत्येकासाठी वेगळा नियम पाठ करायची गरज नाही, नियम जागच्या जागी तयार करता येतो. त्या मूळ संख्येची अशी पट शोधा जिच्या शेवटी ९ येतो. तीत एक मिळवा, शेवटचं शून्य उडवा. उरला तो तुमचा गुणक. २३ चं बघा : २३ × ३ = ६९, एक मिळवून ७०, शून्य उडवून ७. मग संख्येचा शेवटचा आकडा तोडायचा, त्याला ७ ने गुणायचं आणि उरलेल्यात मिळवायचं. कोल्हापूरचा ४१६००१ यावर दाखवतो. त्यालाही ३ ने भाग जातो, उरतात १३८६६७.

१३८६६ + ७ × ७ = १३९१५
१३९१ + ५ × ७ = १४२६
१४२ + ६ × ७ = १८४
१८ + ४ × ७ = ४६

४६ म्हणजे दोन तेवीस. तेव्हा १३८६६७ ला २३ ने भाग जाणारच, आणि जातो : २३ × ६०२९. ही ६०२९ तपासली तर मूळ निघते. कोल्हापूर तेविसातच मोकळं झालं. बेळगाव तसं सुटणारं नव्हतं, आणि यात मी कुठलाही सीमावाद आणत नाही, आकडेच तसे आहेत.

हे का चालतं तेही सांगतो, नाहीतर मंत्र वाटेल. नव्या संख्येला दहाने गुणलं तर जुनी संख्या अधिक शेवटच्या आकड्याच्या ६९ पट मिळते. ६९ ही तेविसाचीच पट. त्यामुळे एकीला भाग गेला तर दुसरीलाही जातो, एकीला नाही तर दुसरीलाही नाही. फक्त लक्षात ठेवा, या तोडण्या-मिळवण्यात खरी बाकी हरवते. उत्तर मिळतं ते जातो किंवा जात नाही, एवढंच.

आता माझी फजिती.

निवृत्त झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी ५९०००१ हातात घेतली. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. एकदा लागला की आठ-आठ दिवस छत्री वाळत नाही, माणूस घरातच. शहापुरातल्या आमच्या घरी, खिडकीपाशी, जुन्या डायरीत मी मूळ संख्यांची रांग लिहिली आणि एकेकाची बाकी मांडत गेलो. ३१ ने बाकी ३. ६१ ने पण बाकी ३. १०७ ने बाकी १, तेव्हा जीव वरखाली झाला होता, एकाने हुकलं! शेजारचा मित्र यायचा आणि विचारायचा, "काय करुलास रे पावसात?" मी म्हणायचो, बेळगाव फोडतोय.

१९३ ला पोचलो. १९३ × १००० = १९३०००, उरले ३६६७. १९३ × १९ किती? १९३ × २० = ३८६०, त्यातून १९३ वजा. मी लिहिलं ३६५७. हातचा चुकला. ३६६७ मधून ३६५७ गेले, बाकी १०, पुढे चला. १९७, १९९, २११, असं करत ४४३ पर्यंत उरलेल्या बेचाळीसही मूळ संख्या तपासल्या. कुणाचाच भाग गेला नाही. लाल पेनाने लिहून टाकलं, १९६६६७ ही मूळ संख्या. त्या संध्याकाळी पाव किलो कुंदा, ही आमच्या बेळगावची मिठाई, आणला आणि शेजाऱ्यांना वाटला. कशाबद्दल म्हणून विचारल्यावर काय सांगायचं ते सुचेना, तेव्हा नातीचा वाढदिवस जवळ आलाय म्हणालो.

पुढे दोन वर्षं ती लाल ओळ तशीच होती. मग नात आठवीत गेली आणि तिला ती डायरी सापडली. मी तिला ताळा शिकवला होता, तो ती कशालाही लावत सुटायची. किराण्याच्या चिठ्ठीलासुद्धा. एका रविवारी डायरी घेऊन आली. "आज्जा, हे एकशे त्र्याण्णवचं जुळंना झालंय."

ताळा म्हणजे हे. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करायची. १९३ चे १ + ९ + ३ = १३, म्हणजे ४. १०१९ चे ११, म्हणजे २. चार दुणे आठ. माझी बाकी १०, तिचा १. आठ अधिक एक नऊ. आणि जिला भागत होतो त्या १९६६६७ च्या अंकांची बेरीज ३५, म्हणजे ८. इकडे नऊ, तिकडे आठ. मोडला ताळा. कागदावर पुन्हा केलं तर १९३ × १९ = ३६६७. बाकी शून्य.

१९६६६७ = १९३ × १०१९

मला त्या क्षणी वाईट वाटलं ते चुकीचं नव्हे. वाटलं ते हे की चूक झाल्यावर मी पुढे बेचाळीस भागाकार केले आणि त्यातला एकही मला सावध करू शकला नाही. करणार कसा? या संख्येचे अवयव दोनच, १९३ आणि १०१९. त्यातला १०१९ तर ४४३ च्या पलीकडे, तिथे मी जाणारच नव्हतो. अख्ख्या रांगेत दार एकच होतं, ते मी उघडं असताना बंद म्हणून ओलांडलं. म्हणून सांगतो, प्रत्येक भागाकाराला तिथल्या तिथे ताळा लावा. दहा सेकंदांचं काम आहे. मात्र ताळ्यावर आंधळा विश्वासही नको. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल त्याला दिसत नाही, कारण बेरीज तीच राहते. त्यासाठी अकराचा ताळा : उजवीकडून एक आकडा अधिक, एक उणे. ५९०००१ चे ५ येतात, ५९००१० चे ३. लगेच पकडलं जातं. दोन्ही ताळे जुळले तर बऱ्यापैकी निर्धास्त व्हायला हरकत नाही.

एकशे त्र्याण्णवसाठी जागच्या जागी नियमही करता आला असता. १९३ × ३ = ५७९, एक मिळवून ५८०, गुणक ५८. १९६६६ + ७ × ५८ = २००७२. मग २००७ + ११६ = २१२३. मग २१२ + १७४ = ३८६. दोन एकशे त्र्याण्णव! नातीने हे स्वतः करून बघितलं. एखादा अवयव सापडला, किंवा सापडता सापडता राहिला असं वाटलं, तर दुसऱ्या वाटेने जाऊन तो तपासावा, तो असा.

आता १०१९ उरली. ती मूळ आहे का हे बघायला पुन्हा दोनपासून सुरुवात करायची? नाही. १०१९ चं वर्गमूळ ३२ च्या आत, आणि ३२ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या मोठ्या संख्येला आधीच लावून झाल्यात. त्यातल्या एखादीने १०१९ ला भाग गेला असता तर १९६६६७ लाही गेला असता. तेव्हा १०१९ मूळ, आणि कुळी पूर्ण :

५९०००१ = ३ × १९३ × १०१९

कुळी हातात आली की बाकीचे गुण फुकट मिळतात. तीन वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच, म्हणजे विभाजक २ × २ × २ = ८. ते असे : १, ३, १९३, ५७९, १०१९, ३०५७, १९६६६७ आणि स्वतः ५९०००१. सगळ्यांची बेरीज करायला ते लिहूनही काढायला नकोत. प्रत्येक मूळ अवयवात एक मिळवून गुणा : ४ × १९४ × १०२० = ७९१५२०. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर २०१५१९ उरतात, संख्येपेक्षा कितीतरी कमी. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या असती तर ही बेरीज नेमकी संख्येएवढी आली असती. बेळगाव त्या बाबतीत अपूर्णच. आणि प्रत्येक अवयवातून एक वजा करून गुणलं, २ × १९२ × १०१८, तर ३९०९१२ येतात. एकपासून ५९०००१ पर्यंतच्या एवढ्या संख्यांचा तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? चारने भागून ३ बाकी उरणारी मूळ संख्या कुळीत विषम वेळा आली तर येत नाही, असा नियम आहे. ३ आणि १०१९ दोघीही तशाच, दोघीही एकेकदाच. बात संपली. १९३ एकटी असती तर जमलं असतं : १४४ + ४९, म्हणजे बाराचा वर्ग अधिक सातचा वर्ग. नुसत्या ५९०००१ कडे बघून हे कळत नाही, कारण तिला चारने भागलं तर बाकी १ येते आणि ती भाबडी दिसते. कुळीशिवाय भेद उघड होत नाही.

बेळगाव आणि कोल्हापूर यांचा मसावि, म्हणजे सगळ्यात मोठा सामाईक विभाजक, काढायचा असेल तर मात्र कुळीची गरज नाही. दोन संख्यांचा सामाईक विभाजक त्यांच्या वजाबाकीलाही भागतोच. ५९०००१ − ४१६००१ = १७४०००. शून्यांनी संपणारी अशी वजाबाकी हाती लागली की समजा अर्धं काम झालं. १७४००० मध्ये मूळ अवयव चारच, २, ३, ५ आणि २९. दोन्ही पिनकोड १ ने संपतात, म्हणून २ आणि ५ गेले. २९ ने ५९०००१ ला भागलं तर बाकी २५, तोही गेला. १७४००० मध्ये ३ एकदाच आहे. मसावि ३. बाकी सगळं वेगळं, पण तीन सामाईक. ज्यांचं अर्धं गणगोत इकडे आणि अर्धं तिकडे, त्यांनी याचं काय ते करावं.

संख्या आठ-दहा आकड्यांची झाली की एकेक मूळ संख्या लावत जाणं हाताच्या बाहेर जातं. तिथे आधी वेगळा प्रश्न विचारावा, की ही मूळ आहे तरी का? फर्मा या फ्रेंच गणितीने सतराव्या शतकात सांगितलेला नियम असा : संख्या मूळ असेल, आणि २ चा घात तिच्याहून एकाने कमी इतका केला, तर त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी १ च येते (संख्या २ सोडून दुसरी कुठलीही मूळ असो). बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही, मग अवयव कुठला ते कळो न कळो. ९१ वर बघा. दहापर्यंतच्या पाढ्यांत न येणारी, बघणाऱ्याला हटकून मूळ वाटणारी संख्या. २ चा बारावा घात ४०९६, म्हणजे ४५ × ९१ + १, बाकी १. नव्वदावा घात म्हणजे असे सात बारा आणि वर सहा. बाकी उरली २ चा सहावा घात, ६४. एक नव्हे. ९१ पकडली गेली (ती ७ × १३). पण २ च्या जागी ३ घ्या. ३ चा सहावा घात ७२९ = ८ × ९१ + १. नव्वद म्हणजे पंधरा सहा, तेव्हा बाकी १. तिनाला ९१ ने चक्क फसवलं. म्हणून एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये, दोन-तीन पाये (ज्यांचा घात करायचा ते २, ३ असे आकडे) घेऊन बघावेत.

१९६६६७ ला हे केलं असतं तर माझा कुंदा वाचला असता. घात १९६६६६ चा, पण तो एकदम करायचा नसतो. वर्ग करा, बाकी काढा, पुन्हा वर्ग करा, पुन्हा बाकी. सतरा वेळा वर्ग झाला की पोचता, मधे कुठे कुठे दोनने गुणावं लागतं एवढंच. कुठलाही वर्ग अकरा आकड्यांपुढे जात नाही, त्यामुळे दुकानातला साधा बारा अंकी कॅल्क्युलेटर पुरतो. शेवटी बाकी १ येत नाही. सतरा वर्गांत निकाल. माझे श्याऐंशी भागाकार होऊनही तो चुकलाच होता.

खुद्द फर्मा मात्र एका संख्येवर फसला. २ चा बत्तिसावा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७. ही मूळ असावी असं त्याला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितीने ती फोडली, ६४१ × ६७००४१७. या संख्येचा मूळ अवयव असलाच तर ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असला पाहिजे, हे कळलं की आडरानात फिरावं लागत नाही. तशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच घबाड. पहिली कोण ते बघितलंत? आमची १९३. तिथे तिचा भाग जात नाही, पण रांगेत ती पहिली उभी आहे, हे वाचलं तेव्हा डायरी काढून मी पुन्हा एकदा ते पान बघितलं.

मूळ नाही हे कळणं आणि अवयव सापडणं यात किती अंतर असू शकतं त्याचा एक दाखला. २ चा सदुसष्टावा घात उणे १, ही एकवीस आकडी संख्या मूळ नाही हे फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ मध्ये दाखवलं. अवयव मिळायला १९०३ उजाडलं. अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ते काढले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. किती वेळ लागला असं विचारल्यावर तीन वर्षांचे रविवार, असं ते म्हणाल्याचं सांगतात. माझी तर एका पावसाळ्यात दमछाक झाली. आणि संख्या मूळ आहे की नाही हे कुठलाही अंदाज न धरता, खात्रीने आणि झटपट ठरवायची रीत २००२ मध्ये आपल्याकडेच, कानपूरच्या आयआयटीत निघाली : मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. मोठ्या संख्या फोडायची तशी झटपट रीत नेहमीच्या संगणकावर अजून कुणाला सापडलेली नाही. तुमच्या बँकेच्या ॲपमधल्या गुप्त संदेशांची कुलुपं बरीचशी अशाच अडचणींवर निवांत आहेत.

इतकं झाल्यावर पोरांसाठी एक खेळ. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये काढलेला. संख्येचे आकडे उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. चार आकडी संख्या, सगळे आकडे सारखे नसतील तर, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर येऊन थांबते. सहा आकड्यांना असा एकच मुक्काम नाही. ५९०००१ चा प्रवास असा होतो : ९५१००० − ०००१५९ = ९५०८४१. पुढे ९७०८२१, ९७४४२१, ८४९९४२, ७५३५४३, ४२०८७६. इथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. झाली प्रदक्षिणा सुरू. सात घरं, बाहेर पडायला वाट नाही. नातीने हे पंचकोनी कंपासपेटीच्या झाकणावर लिहून ठेवलंय, पंचकोनाला दोन कोपरे कमी पडले म्हणून दोन आकडे खाली. वजाबाक्यांचंही एक सांगतो : पहिल्या वजाबाकीपासून पुढे प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो. अदलाबदलीची तीच खूण, सुरुवातीला सांगितलेली. मधे एखादं उत्तर नऊला जुळलं नाही तर तिथेच थांबा आणि मागे फिरा.

सरावाला निपाणीचा घ्या, ५९१२३७. अंकांची बेरीज २७, तेव्हा आधी नऊने भागून ६५६९३ करा. वर्गमूळ २५६ च्या जरा पुढे. १५१ ला बाकी ८ येईल, १६३ ला ४ येईल, तिथे पेन ठेवू नका. १७९ पर्यंत जा, आणि प्रत्येक ओळीला ताळा लावत जा.